बाड्याच्या मागे लष्कर आहे

ग्वाल्हेरमध्ये पर्यटनाचे मार्ग, माहितीफलक आणि नकाशे ठरवणाऱ्या सर्व अधिकारी व सल्लागार मंडळींस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत मुद्दाम खुली ठेवतो आहे, कारण यातला काही भाग तुमच्यासाठी आहे आणि काही आमच्याच लोकांसाठी. दोघांनीही वाचावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीताचे शहर’ म्हणून आपल्या यादीत घेतलं. आनंद झाला. बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन आले, ‘तुमचं गाव जगात पोचलं’ वगैरे. त्यातले काही जण नंतर खरंच आले आणि मी त्यांना फिरवलं. फिरवताना लक्षात आलं की तयार मार्ग सगळ्यांचा एकच आहे. सकाळी किल्ला, मानमंदिर, सास-बहू, तेली का मंदिर. खाली उतरून हजिऱ्याला सूफी संत मुहम्मद गौस आणि तानसेनाचा मकबरा. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईची समाधी. दुपारी जयविलास महाल, तिथली झुंबरं. संध्याकाळी महाराज बाड्याचा चौक, फोटो, आणि रात्रीची गाडी. एका दिवसासाठी मार्ग वाईट नाही. पण ज्या गाण्यामुळे हे बिरुद मिळालं ते गाणं जिथे दीडशे-दोनशे वर्षं शिकवलं, घोकलं आणि भांडून टिकवलं गेलं, ते मोहल्ले बाड्याच्या मागे, शहराच्या लष्कर नावाच्या भागात सुरू होतात. आणि पाहुणा बाड्यावरूनच परत फिरतो.

लष्कर म्हणजे बाडा नव्हे. एवढंच सांगायला हे पत्र. पुढचं सगळं त्याचा पुरावा म्हणून.

आज सगळं मिळून एकच महानगर दिसतं, पण ही तीन वेगळी गावं होती. किल्ल्याच्या पायथ्याशी उत्तरेला जुनं ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार, दक्षिणेला लष्कर. यातलं मुरार इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलं. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, शिंद्यांचं सैन्य हरलं, आणि त्यानंतर किल्ला व मुरार इंग्रजांकडे गेले. ते १८८६ ला परत मिळाले, आणि बदल्यात झाशी द्यावी लागली. मुरारची कथा स्वतंत्र आहे, ती मुरारकरांनी सांगावी.

लष्कर त्याच्या आधीचं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून इथे तळ दिला. १८०३ च्या पराभवानंतरची ती वर्षं, दरबार म्हणजे चालती छावणीच होती. त्याच्या आदल्या वर्षी, १८०९ मध्ये, या छावणीबरोबर राजपुतान्यात फिरणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तळ कसा पडतो ते लिहून ठेवलं आहे. बिनीवाले पुढे जायचे, ड्योढीची, म्हणजे महाराजांच्या डेऱ्याची, जागा ठरवून निशाण रोवायचे, मग प्रत्येक बाजाराची निशाणं आपापल्या जागी लागायची. मुक्काम रोज बदलला तरी रचना तीच. म्हणून मागून येणारा शिपाई, बैलवाला किंवा वाणी अनोळखी माळावरही आपल्या राहुटीपर्यंत न चुकता पोचायचा.

किल्ल्याच्या दक्षिणेला पडलेला तळ मग उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी कुडाची घरं झाली, कुडाच्या जागी दगडी वाडे झाले, पण माणसं आपापल्या सरदाराच्या भोवतीच राहिली. आजही गावाचा नकाशा तोच आहे. फाळक्यांचा फालका बाजार, पाटणकरांचा पाटणकर बाजार, निंबाळकर की गोठ, चितनीस की गोठ (गोठ म्हणजे सरदाराच्या माणसांची वस्ती), शितोळ्यांचा बाडा. तोफखाना होता तिथे जिन्सी नाला, कवायती पलटणी होत्या तिथे कंपू. शिंदे की छावनी तर नावासकट तशीच. शिंद्यांच्या फौजेत फिलोज नावाचं युरोपीय घराणं होतं, त्यातल्या झाँ बाप्तिस्तने दौलतरावांच्या पलटणी हाकल्या, आणि त्याच घराण्यातल्या मायकेल फिलोजने पुढे जयाजीरावांसाठी जयविलास बांधला, १८७४ मध्ये. महालात मार्गदर्शक हत्तींची गोष्ट हमखास सांगतो. झुंबरं टांगण्याआधी छत पेलतं का हे पाहायला वर हत्ती चढवले, ती. फिलोज कंपूतून आला होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आता गाण्याकडे येतो.

तानसेनाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या थडग्यावरच्या चिंचेची पानं आम्हीही लहानपणी चघळली आहेत, गळा गोड होईल म्हणून. माझा झाला नाही, तो भाग वेगळा. पण तानसेनाचं धृपद आणि आज जग ज्याला ‘ग्वाल्हेर गायकी’ म्हणतं तो ख्याल, यांच्यात अडीचशे वर्षांचं अंतर आहे. ख्यालाचं हे घराणं शिंद्यांच्या काळातलं. लखनौकडून नत्थन पीरबख्श इथे आले. त्यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ. दरबारात बडे मुहम्मद खाँ होते, त्यांच्या तानांना तोड नव्हती आणि ते कोणाला शिकवत नसत. दौलतरावांनी या दोन पोरांना पडद्याआड बसवून ती तान ऐकवली आणि ती पोरांनी जशीच्या तशी उचलली, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, तिच्यात एक गोष्ट पक्की दिसते. ग्वाल्हेरचं गाणं आधी ऐकून घेतलेलं आहे. आणि ज्यांना चोरून शिकावं लागलं त्यांनी पुढे उघड शिकवलं. हद्दू खाँ १८७५ मध्ये वारले, तोवर त्यांच्या शागिर्दांत कितीतरी मराठी ब्राह्मण पोरं होती.

इथे थोडा थांबतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे सहसा माहीत नसतं. वासुदेवबुवा जोशी हे त्या परंपरेतले. त्यांच्याकडे शिकायला दक्षिणेतून एक मुलगा आला, बाळकृष्णबुवा. पुढे इचलकरंजीकर म्हणून ओळखले गेले ते. ते ही विद्या घेऊन महाराष्ट्रात परतले. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या हाताखालून विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर गेले. महाराष्ट्रात घरोघरी पेटीवर यमन-भूप वाजू लागला त्याची एक मोठी वाट ग्वाल्हेरहून निघालेली आहे. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा इथे शिंद्यांचा महाल बघतो आणि ‘आपला पराक्रम’ म्हणून छाती फुगवतो. त्याला या वाटेचं मूळ दाखवा, तो जरा वेगळ्या नजरेने परत जाईल.

दुसरी गोष्ट लष्करातल्या पंडितांच्या घराची. विष्णुपंत पंडित कीर्तनकार होते आणि हद्दू खाँचे स्नेही. त्यांचे मुलगे शंकरराव आणि एकनाथ हे आधी हद्दू खाँकडे आणि मग त्यांचे भाऊ नत्थू खाँ यांच्या मुलाकडे, निसार हुसेन खाँकडे शिकले. जयाजीरावांनंतर दरबाराचा आसरा सुटला तेव्हा निसार हुसेन खाँ या पंडितांच्याच घरी येऊन राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या मराठी ब्राह्मणाच्या घरात एक मुसलमान उस्ताद वर्षानुवर्षं राहतो, त्याचं जेवणखाण, दुखणंखुपणं घर बघतं, आणि तो पोटात साठवलेल्या चिजा, म्हणजे बंदिशी, एकेक करून मुलांना देतो. ही घटना कुठल्याही लढाईपेक्षा कमी नाही. आपल्याकडे लढाईला फलक मिळतो, हिला नाही.

शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव. त्यांनी १९१४ मध्ये, वयाच्या एकविशीत, लष्करात गाण्याची शाळा काढली, ती पुढे वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय झाली. १९७३ ला त्यांना पद्मभूषण मिळालं, १९८९ पर्यंत ते होते, म्हणजे आमच्या पिढीने त्यांना पाहिलं आहे. तिकडे माधवराव महाराजांनी इथले काही गवई मुंबईला संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांकडे स्वरलिपी शिकायला धाडले आणि १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू केलं. राजाभैय्या पूछवाले त्याचे आधारस्तंभ. म्हणजे एकाच गावात, चार वर्षांच्या अंतराने, दोन शाळा. एक घराण्याच्या तालमीची, एक भातखंड्यांच्या पद्धतीची. दोन्हीकडची माणसं बाड्यावर भेटली की नमस्कार करायची आणि घरी येऊन एकमेकांच्या शिकवण्याला नावं ठेवायची. या भांडणाने ग्वाल्हेरचं भलंच केलं, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंना जागं राहावं लागलं.

आता एक आडवाट. विष्णुपंत छत्रे घोड्याची विद्या शिकायला ग्वाल्हेरला बाबासाहेब आपट्यांकडे आले होते. इथे हद्दू खाँचं गाणं त्यांच्या कानावर पडलं आणि ते गाणंही शिकू लागले. १८८० मध्ये त्यांनी मुंबईत सर्कस उभी केली, हिंदुस्थानातल्या पहिल्या देशी सर्कशींपैकी एक. हद्दू खाँचा मुलगा रहिमत खाँ, विलक्षण गळ्याचा पण मनाने भरकटलेला. गुरूच्या मुलाला छत्र्यांनी आपल्याजवळ ठेवलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि त्याच्या मैफली घडवल्या. शेवटी १९२२ मध्ये कुरुंदवाडला रहिमत खाँ गेले. त्यांच्या थोड्या ध्वनिमुद्रिका आहेत, आज फोनवरही ऐकता येतात. हे कुठल्याही फलकात मावणार नाही, मला कळतं. पण फेरी नेणाऱ्या मुलाला ठाऊक असावं. हत्तींच्या गोष्टीपेक्षा ही नक्कीच चांगली आहे.

हे सगळं सांगताना एका गोष्टीची भीती वाटते, तीही लिहितो. ‘मराठी वारसा’ अशी पाटी लावून लष्कराला आमच्या खात्यावर जमा करू नका. आमच्यातल्या काहींना ते आवडेल, पण ते खरं नाही. छावणीत मराठा सरदार होते तसे पठाण होते, पूरबी होते, गोसावी होते, फिलोज होते. व्यापार राजस्थान-गुजरातकडून आलेल्या लोकांनी सांभाळला, सराफ्यातून चालत गेलात तर पेढ्यांची नावं वाचूनच कळेल. गाण्यात उस्ताद मुसलमान, शागिर्द ब्राह्मण, पोशिंदा मराठा. सरोदनवाज हाफिज अली खाँचं घर जिवाजीगंजात आहे. आणि तानसेन समारोह दर डिसेंबरला कसा सुरू होतो ते पाहा. हजिऱ्याला मकबऱ्यापाशी सकाळी शहनाई, मग लष्करातल्या ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा, मग मिलाद. नारदीय कीर्तनाची परंपरा एका सूफी दर्ग्याच्या आवारात, तानसेनापुढे. संध्याकाळच्या दिव्यांच्या सभांना गर्दी लोटते, या सकाळच्या तासाला मात्र अगदी मोजकी माणसं असतात. पाहुण्यांच्या हाती दिल्या जाणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत ती सकाळ ठळक छापा, इतकं तर आजच करता येईल.

आता मागणं काय ते.

पहिलं म्हणजे रंगरंगोटी नको. बाड्यावरचं काम चांगलं झालं हे कबूल. जळालेलं व्हिक्टोरिया मार्केट परत उभं राहिलं, तिथे आता भूविज्ञानाचं संग्रहालय आहे, सात तऱ्हेच्या सात इमारती रात्री उजळतात. पण तीच तऱ्हा गल्लीत नेऊ नका. गोठीतल्या वाड्यांचा तोंडवळा तसाही रस्त्यावर फारसा दिसत नाही. बाहेरून एक दगडी चौकट आणि तिच्यातला छोटा दिंडी दरवाजा. वाकून आत गेलात की देवडी, तिथे उजव्या हाताला पहारेकऱ्याचा ओटा, आता त्यावर दोन स्कूटर आणि पाण्याचा पंप. मग चौक. चौकाच्या चारी अंगांना ओसरी, सागवानी खांब, खांबाखाली दगडी उथाळी, वरच्या कणीवर तेलाने काळपटलेली वेलबुट्टी. तुळशीवृंदावन शाबूत असतं, कारण ते काढायला कोणी धजत नाही. ज्या वाड्याविषयी लिहितो आहे त्याच्या एका ओसरीत तयार कपड्यांचं गोदाम आहे, भिंतीला पुठ्ठ्याचे खोके टेकलेले, आणि खोक्यांच्या वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, तंबोरा टांगायच्या दोन खुंट्या. घरमालक सांगतात, खाली गाणं चालायचं आणि वर जिन्याच्या पायऱ्यांवर बायका बसायच्या. त्यांना अख्ख्या चिजा पाठ असत, पण कोणी कधी ‘गा’ म्हटलं नाही. अशा घराला पिवळे दिवे लावून काय होणार?

तर, घराघरावर लहान फलक. मालकाची संमती घेऊन, दगडी चौकटीला भोक न पाडता. त्यावर कोण राहत होतं, काय शिकवलं जात होतं, कोणाकडे शिकायला कुठून लोक आले. हिंदी, इंग्रजी आणि मराठीत. मजकूर आधी घरच्यांना आणि दोन्ही संगीतशाळांतल्या जुन्या मंडळींना दाखवा, म्हणजे नावं चुकणार नाहीत. आमच्याकडे आडनावांची फार ओढाताण होते, फाळके पाटीवर ‘फालके’ होतात आणि पूछवाल्यांचं काय काय होतं ते विचारू नका.

हाफिज अली खाँचं घर त्यांच्या कुटुंबाने ‘सरोद घर’ म्हणून संग्रहालय केलं आहे. जुनी वाद्यं, छायाचित्रं, नीट मांडलेली. म्हणजे लष्करात असं होऊ शकतं हे सिद्ध झालेलं आहे. तिथून पायी फेरी सुरू करा. जिवाजीगंज, दौलतगंज, गोठी, फालका बाजार, छत्री बाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या. वाटेत एखाद्या चौकात अर्धा तास गाणं. मंच नको, ध्वनिक्षेपक तर नकोच. ग्वाल्हेरचं गाणं मोकळ्या आवाजाचं आहे, ते चौकासाठीच घडलं. शाळेतली मुलं गातील, अल्हैया बिलावलची एक चीज, जमलं तर एक टप्पा. मुलांना मानधन द्या. ‘मंच मिळतोय ना’ म्हणून फुकट गायला लावण्याची सवय या शहराने सोडावी.

एक विचारणाही आहे. स्वर्णरेखेवर उन्नत रस्त्याचं काम चालू आहे. गर्दी कमी होईल, चांगलंच. पण त्या रस्त्यावरून पाहुणा लष्कराच्या डोक्यावरून सरळ निघून जाईल. उतरायच्या जागी लष्करात शिरायची पायवाट आणि चार गाड्या लावायची सोय नकाशात आहे का, हे कळवावं.

आणि आमच्या मंडळींना दोन शब्द. वाडे पडतात ते सगळेच बिल्डरमुळे पडत नाहीत. चार भाऊ, नऊ वारस, एक पुण्यात, एक अमेरिकेत, आणि सातबाऱ्यापासून नळाच्या बिलापर्यंत कशावरच एकमत नाही, म्हणून पडतात. विकू नका असं मी कोणाला म्हणणार नाही. गळकं छत ज्याच्या डोक्यावर त्यालाच ठाऊक. फक्त विकण्याआधी माळ्यावरच्या वह्या बाहेर काढा. चिजांच्या हस्तलिखित वह्या, शागिर्दांची पत्रं, मैफलीच्या निमंत्रणपत्रिका. आमच्या गल्लीतला एक वाडा पडला तेव्हा असं बरंच काही मलब्याबरोबर ट्रॉलीतून गेलं. या वह्यांचे फोटो काढून घेण्याची, स्कॅन करून परत देण्याची सोय गाण्याच्या शाळांतून झाली तर लोक देतील. मूळ वही मागू नका, कोणी देणार नाही आणि देऊही नये.

मार्ग आखायला प्रत्यक्ष या. कागदावर गोठीतली वळणं कळत नाहीत. येताना सकाळी दहाच्या आत या. त्यानंतर दुकानं उघडतात, माल उतरायला लागतो, ई-रिक्षा आडव्या लागतात आणि दौलतगंजातून चालणंही मुश्किल. मंगळवार टाळा, त्या दिवशी जे भेटायला हवेत ते देवळात असतात. मोटार बाड्यावरच सोडा. मी बरोबर येईन, आणखी तीन-चार जण तयार आहेत, त्यातल्या दोघांच्या घरी आत जाऊन चौक बघता येईल, त्यांची परवानगी घेऊन ठेवली आहे. चहा तिथेच होईल.

कळावे.

आपला,
लष्करातला एक रहिवासी